शीतयंत्राची नाडीपरीक्षा

चैत्र उजाडला की वऱ्हाडात पाण्याची आणि गारव्याची चर्चा सुरू होते. याच महिन्यात रामनवमीला वाशीम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यातील पोहरादेवी येथे बंजारा समाजाची मोठी यात्रा भरते. संत सेवालाल महाराजांच्या समाधीच्या दर्शनासाठी महाराष्ट्राबरोबरच कर्नाटक, तेलंगण, आंध्र प्रदेश या राज्यांतूनही भाविक येतात. एवढा समुदाय भर उन्हाळ्यात एका लहान गावी जमतो, तेव्हा थंड पाणी, दूध, बर्फ आणि औषधे यांची सोय हा चैनीचा प्रश्न राहत नाही. दुकानातला फ्रीज, डेअरीतील दूध थंड करण्याची टाकी, आरोग्य केंद्रातील लशींची पेटी, एखाद्या कार्यालयातील एसी, ही सारी यंत्रे याच दिवसांत सर्वांत जास्त राबतात आणि याच दिवसांत आजारी पडतात.

त्यांच्या आजाराचे एक वैशिष्ट्य आहे. आजार डझनभर असले तरी तक्रार एकच असते : ‘थंड करीत नाही.’ मनुष्य निदान डोके दुखते की पोट दुखते एवढे तरी सांगतो. यंत्र तेवढेही सांगत नाही. मेकॅनिक येतो, नळीला हात लावतो आणि म्हणतो, ‘गॅस संपला.’ आपण पैसे देतो, गॅस भरला जातो, आठ दिवस बरे जातात आणि पुन्हा तीच तक्रार येते. हा अनुभव आपल्यांपैकी पुष्कळांना असेल. दोष कोठे आहे ते शोधणे हे एक स्वतंत्र शास्त्र आहे, ते दुरुस्तीच्या आधी यावयास हवे, आणि ते शास्त्र कारागिराइतकेच गिऱ्हाइकालाही थोडेफार कळले पाहिजे, एवढेच आम्हांस येथे सांगावयाचे आहे.

गॅस संपत नाही

प्रथम हे यंत्र करते काय ते पाहू. फ्रीज थंडी तयार करतो अशी आपली समजूत असते. वास्तविक थंडी नावाची वस्तू जगात नाही. उष्णता आहे, आणि तिचा अभाव आहे. फ्रीज आतली उष्णता उचलून बाहेर नेऊन टाकतो, म्हणूनच त्याच्या मागच्या जाळीला हात लावला तर ती गरम लागते. ही उचल कशी होते, हे आपल्या घरातला माठ सांगतो. माठाच्या अंगातून पाझरलेले पाणी वाफ होऊन जाते आणि जाताना आतल्या पाण्यातली उष्णता घेऊन जाते. द्रवाची वाफ होताना तो उष्णता शोषतो आणि वाफेचा पुन्हा द्रव होताना ती बाहेर टाकतो. माठात वाफ हवेत निघून जाते, म्हणून पाणी पुन्हा भरावे लागते. जेकब पर्किन्स याने १८३४ साली ज्या यंत्राचा परवाना घेतला, त्यात ही वाफ परत पकडून, दाबून, पुन्हा द्रव करण्याची युक्ती होती. आजचा आपला फ्रीज आणि एसी त्याच युक्तीवर चालतो.

त्याचे मुख्य अवयव चार. कॉम्प्रेसर वाफ दाबतो. बाहेरच्या जाळीत, म्हणजे कंडेन्सरमध्ये, ती उष्णता टाकून द्रव होते. पुढे कॅपिलरी नावाची केसासारखी बारीक नळी त्या द्रवाचा दाब एकदम उतरविते. मग आतल्या जाळीत, म्हणजे कूलिंग कॉइलमध्ये, तो द्रव उकळून पुन्हा वाफ होतो व आतली उष्णता घेतो. ही वाफ परत कॉम्प्रेसरकडे जाते. असा हा बंद फेरा आहे.

विहिरीवरचा पोहरा आठवा. पोहरा खाली जातो, पाणी भरून वर येतो, रिता होतो आणि पुन्हा खाली जातो. दिवसभर पाणी ओढले म्हणून पोहरा झिजून संपत नाही. शीतयंत्रातला गॅस हा असाच उष्णतेचा पोहरा आहे. डिझेल जळते तसा तो जळत नाही. तो वर्षानुवर्षे तेवढाच राहतो. तेव्हा तो खरोखर कमी झाला असेल, तर त्याचा अर्थ एकच : नळीला कोठेतरी भोक पडले आहे. ते भोक शोधल्यावाचून नवा गॅस भरणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतण्यासारखे आहे. आणि गॅस कमी झालाच नसेल, तर तो वर भरून आपण चांगल्या यंत्राला नवा आजार देतो. ‘गॅस संपला’ हे वाक्य निदान म्हणून यासाठीच कधी स्वीकारू नये. ‘गॅस कोठून गेला?’ हा खरा प्रश्न आहे.

आधी बाहेर पाहावे, मग आत

कुशल तंत्रज्ञाचा पहिला नियम असा की, नळी उघडण्यापूर्वी नळीबाहेरची सर्व कारणे संपवावी. तो प्रथम विचारतो : केव्हापासून थंड होत नाही? एकाएकी झाले की हळूहळू? दिवसा होते की रात्रीही? मध्यंतरी यंत्र हलविले होते काय? मग तो पाहतो, ऐकतो, हात लावतो, मोजतो, आणि सर्वांत शेवटी पाना हातात घेतो. हा क्रम उलटा झाला की खर्च वाढतो.

पहिली शक्यता ही की, यंत्रात बिघाड नाहीच. आपल्याकडील एसीची क्षमता बाहेरचे तापमान ३५ अंश सेल्सिअस धरून ठरविलेली असते. ‘दीड टन’ म्हणतात ते यंत्राचे वजन नव्हे. सुमारे ९०७ किलो बर्फ चोवीस तासांत वितळण्यास जेवढी उष्णता लागते, तेवढी उष्णता काढण्याची शक्ती म्हणजे एक टन. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे जातो, तेव्हा बाहेरच्या जाळीला आपली उष्णता त्या तापलेल्या हवेतच टाकावयाची असते, आणि यंत्राची शक्ती आपोआप घटते. अशा वेळी तंत्रज्ञ खोलीत जाणारी व खोलीतून परत येणारी हवा थर्मामीटरने मोजतो. दोहोंत ८ ते १२ अंशांचा फरक असेल तर यंत्र आपले काम करीत आहे. खोली मोठी असेल, छत पत्र्याचे असेल, किंवा खिडकी उघडी असेल.

कूलरची गोष्ट अशीच. बाहेर ४२ अंश उष्मा आणि हवेत २० टक्क्यांच्या आसपास आर्द्रता असेल, तर चांगला कूलर २७ अंशांपर्यंतची हवा देऊ शकतो. तोच कूलर आषाढात, हवा ओलीचिंब असताना, दोन-तीन अंशांपलीकडे काही करू शकत नाही, कारण पाण्याची वाफच होत नाही. तेथे मोटार बदलणे व्यर्थ होय. यात्रेच्या दिवसांत दुकानातला फ्रीज दर मिनिटाला उघडला जातो आणि कोमट बाटल्यांनी भरला जातो. तो अहोरात्र चालूनही गार होत नसेल तर दोष वापराचा आहे. दाराचे रबर नीट बसते की नाही हे तपासण्यास एक कागदाचा तुकडा पुरतो. तो दारात धरून दार लावावे आणि कागद ओढावा. सहज निघून आला तर तेथून थंडी गळते आहे असे समजावे.

दुसरी शक्यता धूळ. बाहेरच्या जाळीवर धूळ आणि कापसाचे तंतू साचले की उष्णता बाहेर पडत नाही, दाब वाढतो, कॉम्प्रेसर तापतो आणि बंद पडतो. आतल्या गाळणीवर धूळ बसली की हवा खेळत नाही आणि जाळीवर बर्फ जमतो. पाणी आणि ब्रश यांनी बऱ्या होणाऱ्या या दुखण्यावर गॅसचा उपाय केला जातो, हे आपल्या नित्य पाहण्यातले आहे.

तिसरी शक्यता विजेची, आणि खेड्यात ती सर्वांत महत्त्वाची. मोटारीचा सुरू होतानाचा जोर विजेच्या दाबाच्या वर्गाप्रमाणे बदलतो. २३० व्होल्टच्या जागी १८० व्होल्ट मिळाले, तर दाब २२ टक्क्यांनी कमी झाला, पण जोर मात्र जवळजवळ ६१ टक्क्यांवर आला. मग कॉम्प्रेसर घुमतो, फिरत नाही, तापतो, आणि आतील संरक्षक कळ त्याला बंद करते. थोड्या वेळाने पुन्हा तेच. ऐकणाऱ्याला वाटते कॉम्प्रेसर जळला. वास्तविक संध्याकाळी सर्व गावाचे पंखे आणि मोटारी चालू असताना व्होल्टमीटर लावला असता तर उत्तर मिळाले असते. वीज जाऊन लगेच आली तरी असाच घोटाळा होतो. नळ्यांतील दोन्ही बाजूंचे दाब सम होण्यास तीन ते पाच मिनिटे लागतात. त्याआधी मोटार सुरू केली तर ती भरल्या दाबाविरुद्ध उठू शकत नाही. वीज आल्यावर काही मिनिटे थांबणारा स्टॅबिलायझर वापरतात तो याचसाठी.

कॉम्प्रेसर जळला असे म्हणण्यापूर्वी दोन तपासण्या व्हाव्यात. पहिली, कपॅसिटर मोजावा, कारण तो अशक्त झाला तरी मोटार नुसती घुमते. दुसरी, वीज बंद करून कॉम्प्रेसरच्या तीन टोकांमधला अवरोध मोजावा. समाईक टोकापासून सुरू करणाऱ्या वेटोळ्याचा आणि चालविणाऱ्या वेटोळ्याचा अवरोध वेगवेगळा मोजला, तर त्यांची बेरीज उरलेल्या दोन टोकांमधील अवरोधाइतकी आली पाहिजे. ती येत असेल आणि कोणतेही टोक लोखंडी अंगाशी जोडलेले आढळत नसेल, तर वेटोळी शाबूत आहेत. या दोन मिनिटांच्या तपासणीवाचून भंगारात गेलेल्या कॉम्प्रेसरांची मोजदाद कोणी ठेवलेली नाही.

नळीच्या आतले कोडे

बाहेरची कारणे संपली, म्हणजे मग आत पाहावयाचे. तेथेही डोळे आधी आणि गेज नंतर. कूलिंग कॉइलवरील बर्फच पुष्कळ सांगतो. सबंध जाळी पांढरीशुभ्र झाली असेल, तर बहुधा हवा कमी पडते आहे. गाळणी, पंखा, बंद केलेले हवेचे मार्ग तपासावे. बर्फ फक्त सुरुवातीच्या दोन-चार नळ्यांवर असून बाकीची जाळी कोरडी असेल, तर द्रव पुरेसा पोहोचत नाही. गॅस कमी आहे किंवा वाट तुंबली आहे. दोन्ही ठिकाणी मालक म्हणणार, ‘बर्फ जमतो आणि थंड होत नाही.’ एकाला ब्रश हवा, दुसऱ्याला गळतीचा शोध.

गेज लावल्यावरही एक आकडा एकटा वाचून चालत नाही. उदाहरण घेऊ. गेजवर ७० पौंड दाब दिसला. जुन्या आर-२२ वायूच्या एसीत याचा अर्थ, आतला द्रव सुमारे ५ अंशांना उकळतो आहे, म्हणजे सर्व ठीक. तोच आकडा आर-३२ वायूच्या नव्या एसीत दिसला, तर द्रव उणे १० अंशांना उकळतो आहे, म्हणजे काहीतरी निश्चित चुकले आहे. आकडा तोच, आणि अर्थ उलटा. यंत्रावर लावलेली पट्टी वाचून वायू कोणता हे आधी न पाहणारा मनुष्य गेज लावूनही आंधळाच राहतो.

शिवाय दोन्ही बाजूंचे दाब एकत्र वाचावे लागतात. आतला आणि बाहेरचा असे दोन्ही दाब कमी, आणि परत येणारी नळी कोमट असेल, तर गॅस कमी आहे असे मानण्यास जागा आहे. आतला दाब फार कमी आहे आणि फिल्टर ड्रायरच्या पुढची बाजू मागच्यापेक्षा स्पष्ट गार लागते, तर अडथळा तेथेच आहे. दोन्ही दाब चढलेले असतील, तर बाहेरची जाळी घाण आहे, पंखा मंद आहे, किंवा कोणी गॅस जास्त भरला आहे. आतला दाब चढलेला आणि बाहेरचा उतरलेला, असे उलटे चित्र दिसले तर कॉम्प्रेसरच्या झडपा कमजोर झाल्या असाव्यात. नाडी एकाच हाताची पाहून भागत नाही, ते असे.

एक लबाड आजार मात्र सांगितलाच पाहिजे. फ्रीज दोन तास उत्तम चालतो, मग थंड होणे थांबते, बंद करून ठेवला की पुन्हा दोन तास उत्तम. येथे बहुधा नळीत पाण्याचा अंश शिरलेला असतो. तो कॅपिलरीच्या तोंडाशी गोठून वाट बंद करतो. यंत्र थांबले की बर्फ वितळतो आणि वाट मोकळी होते. कायमचा कचरा अडकला असता तर अशी उघडझाप झाली नसती. हे पाणी आले कोठून? बहुधा मागच्या दुरुस्तीतून. नळी उघडली, गॅस भरला, पण व्हॅक्यूम पंप लावून आतली हवा आणि ओल पुरती काढली नाही. आजचा हा रोग कालच्या उतावळ्या दुरुस्तीचे अपत्य असतो.

चुकीची किंमत कोण देतो?

येथवर पैशाचे नुकसान पाहिले. याहून मोठी दोन नुकसाने आहेत.

पहिले, कारागिराच्या जिवाचे. गळती शोधण्यासाठी नळीत दाब भरावा लागतो. तो कोरड्या नायट्रोजनचाच भरावा. वेल्डिंगचा ऑक्सिजन हाताशी असतो म्हणून तो भरण्याचा मोह होतो. पण कॉम्प्रेसरमधील तेल आणि दाबाखालचा ऑक्सिजन यांची गाठ पडली की स्फोट होतो. शिवाय हल्लीच्या पुष्कळ घरगुती फ्रीजमध्ये आर-६००ए, म्हणजे आयसोब्यूटेन, आणि काही एसींमध्ये आर-२९०, म्हणजे प्रोपेन भरलेला असतो. हे ज्वलनशील आहेत. हवेत त्यांचे प्रमाण दोन टक्क्यांच्या आसपास गेले तरी ठिणगीने पेट घेतात. अशा यंत्राच्या नळीला खोलीची दारे-खिडक्या लावून, वायू काढून न टाकता, ज्योत लावणे म्हणजे मरणाला बोलावणे होय.

हे वायू आले का, तेही सांगितले पाहिजे. जुन्या आर-१२ सारख्या वायूंनी पृथ्वीभोवतीच्या ओझोनचा थर विरळ केला, म्हणून १९८७ साली माँट्रिऑल येथे राष्ट्रांचा करार झाला. नंतर आलेल्या आर-१३४ए, आर-४१०ए यांनी ओझोनला अपाय केला नाही, पण ते उष्णता कोंडून धरतात. एक किलो आर-४१०ए शंभर वर्षांत दोन हजारांहून अधिक किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता कोंडतो. म्हणून २०१६ साली किगाली येथे त्या करारात दुरुस्ती झाली आणि भारताने ती २०२१ साली मान्य केली. फुटक्या नळीतून दर उन्हाळ्याला उडून जाणारा गॅस आपल्याच गावचा उन्हाळा वाढवितो, हा याचा साधा अर्थ.

दुसरे नुकसान लहान मुलांचे. प्राथमिक आरोग्य केंद्रात लशी ठेवण्याच्या पेटीला आइस-लाइन्ड रेफ्रिजरेटर म्हणतात. तिच्या भिंतींत बर्फाचे अस्तर असते, म्हणून वीज गेली तरी ती काही तास थंड राहते. तिचे दार वर असते, कारण थंड हवा जड असते आणि दार उघडले तरी तळाशीच राहते. लशी २ ते ८ अंशांत ठेवावयाच्या असतात. आपणांस भीती वाटते ती लस तापण्याची. परंतु पेंटाव्हॅलंट, हिपॅटायटिस बी, धनुर्वात-घटसर्प यांच्या लशी गोठल्या तरी निकामी होतात. गोठून वितळलेली लस नुसत्या पाहण्याने चांगलीच वाटते, आणि ती टोचलेल्या बालकाला संरक्षण मिळालेले नसते. ‘थंड करीत नाही’ म्हणून थर्मोस्टॅट वाढवून देणारा आणि उणे दोनवर पेटी सोडून जाणारा मनुष्य येथे दुरुस्ती करीत नाही, अनर्थ करतो. म्हणूनच तेथे दिवसातून दोनदा तापमान लिहून ठेवण्याची पद्धत आहे. ती वही म्हणजे पेटीच्या तापाचा तक्ता होय. चांगला तंत्रज्ञ पेटी उघडण्यापूर्वी ती वही उघडतो. तापमान रोज दुपारी चढते की एका रात्रीत चढले, एवढ्यावरून अर्धे निदान होते.

शोधाची मजुरी

मग हे शास्त्र कारागिरांना शिकविले जात नाही काय? जाते. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून शीतकरण व वातानुकूलन हा दोन वर्षांचा व्यवसाय शिकविला जातो, आणि त्यात ही मोजमापे असतात. अडचण दुसरीकडे आहे, आणि तिचा दोष आपण सर्वांनी वाटून घेतला पाहिजे. आपण पैसे देतो ते वस्तूचे. गॅस भरला तर देतो, कपॅसिटर बदलला तर देतो. परंतु तंत्रज्ञाने अर्धा तास मोजमाप करून ‘यंत्र चांगले आहे, जाळी धुवा आणि व्होल्टेज पाहा’ असे सांगितले, तर आपण म्हणतो, ‘याने केले काय? पैसे कशाचे?’ ज्या समाजात निदान फुकट आणि औषध विकत, तेथे गरज नसताना औषध दिले जाणारच. जो मनुष्य विचार करतो त्याला उपाशी ठेवून, जो गॅस ओततो त्याला आपण पोसतो, आणि मग चांगले कारागीर मिळत नाहीत अशी तक्रार करतो.

यावर उपाय साधा आहे. तपासणीची मजुरी वेगळी ठरवावी आणि ती आनंदाने द्यावी. त्या बदल्यात चार प्रश्न विचारावे. व्होल्टेज किती आले? कोणता वायू आहे आणि दाब किती होता? गळती कोठे सापडली? काम झाल्यावर व्हॅक्यूम किती वेळ केला? चारही उत्तरे एका कागदावर लिहून घ्यावी आणि तो कागद यंत्राला चिकटवून ठेवावा. पुढच्या खेपेस येणाऱ्याला तेथूनच सुरुवात करता येईल. जो जाणता आहे त्याला हे प्रश्न आवडतील, कारण त्याची विद्या विचारणारे कोणी भेटत नाही. आणि जो जाणता नाही, तो पुढच्या वर्षी तरी मोजून येईल.